उडणं वेगळं, पोचणं वेगळं

ज्या माणसानं मला न विचारता माझं विमानाचं तिकीट रद्द केलं, त्याच्याविषयी चांगलं लिहायची माझी तयारी नव्हती. अजूनही पुरती नाही. पण शिरोली एमआयडीसीतले आमचे लोक चहाच्या टपरीवर त्यांची नक्कल करतात, किस्से सांगतात, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. चुकीचं सांगितलेलं त्यांना चाललं नसतं. म्हणून बरोबर काय ते लिहितो. माझी तक्रारही त्यातच आली.

आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. शाहूपुरीत टायरच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर गेलं की त्यांचं विमान तिकिटाचं ऑफिस. एक टेबल, एक फोन, भिंतीवर तीन घड्याळं, आणि टेबलावर पृथ्वीचा गोल. गोलाला लाल दोरा बांधलेला आणि दोऱ्याला समान अंतरावर गाठी. तुम्ही गाव सांगितलं की सर आधी दोरा ताणून धरायचे. तिकीट नंतर.

पूर्वी ते शाळेत भूगोल शिकवायचे. शाळेच्या भिंतीवर रंगाऱ्यानं भारताचा नकाशा काढला, त्यात श्रीलंका जरा जास्तच जवळ आली. सरांनी मुख्याध्यापकांना लेखी तक्रार केली. मुख्याध्यापक म्हणाले, “अहो, राहू द्या, दिसायला बरं दिसतंय.” सरांनी वर्षभर दर सोमवारी तीच तक्रार पुन्हा दिली. शेवटी रंग तसाच राहिला आणि सर बाहेर पडले. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात पश्चात्ताप अजिबात नव्हता.

माझी त्यांची पहिली गाठ नव्वदच्या दशकात पडली. तेव्हा मी मोल्डरचा मालक नुकताच झालो होतो. त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्याच्या फौंड्रीत वाळूचे साचे भरले, मग उसनवारीवर छोटी भट्टी घेतली. मला कुणी काही दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, म्हणून कुठल्याही गोष्टीची पहिली किंमत मान्य करायची मला सवय नाही. दिल्लीत मशिनरीचं प्रदर्शन होतं. पुण्याहून दिल्लीचं तिकीट काढायला मी त्यांच्याकडं गेलो.

“घर कुठं?” सरांनी विचारलं.

“मुडशिंगी. पण तिकीट पुण्याचं पायजे.”

“ते कळलं. दिल्लीत मुक्काम कुठं?”

मी सांगितलं. त्यांनी लहान चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या. आकाशातलं अंतर. विमानाचा वेळ. दारापासून दारापर्यंतचा वेळ. शेवटच्या ओळीत होतं, बारा तास.

“विमान दोन तासांचं म्हणताय आणि हितं बारा?”

“रस्त्याचे सहा, थांबायचे तीन, उडायचे दोन, उतरून मुक्कामी जायचा एक. बेरीज करा.”

“मग सर, बारा तास लागणार असतील तर भाडं कमी करा की जरा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “भाडं दोन तासांचं आहे. बाकीचे दहा तुमचे तुम्ही आणलेत.”

मी उठून निघालो. घासाघिशीत उठून निघणं हा अर्धा सौदा असतो, समोरचा जिन्यापर्यंत येतो. सर आले नाहीत. मी टायरच्या दुकानापाशी दोन मिनिटं उभा राहिलो आणि परत वर गेलो. ते माझं नाव तिकिटावर लिहीत बसले होते.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी घाई केली, कुणी म्हणालं की अमुक विमान तासात नेतं, की सर म्हणायचे, “उडणं वेगळं, पोचणं वेगळं.” आणि कोल्हापूरकरांची एक सवय त्यांना सहन होत नसे. आपल्याकडं अंतर विचारलं की लोक वेळ सांगतात. पुणं किती लांब? सहा तास. सर समोरच्याला थांबवायचे. “तास हे अंतर नव्हे. अंतर सांगा.” एकदा एक पावणं वैतागून म्हणाले, “सर, आमची गाडी अंतरावर पळत न्हाय, टायमावर पळती.” सरांनी त्यांनाही दोरा ताणून दाखवला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याकडूनच तिकिटं काढली, आणि दर वेळी भांडलो. दुसरीकडं जायला बंदी नव्हती. पण दुसरे एजंट गोड बोलायचे, आणि गोड बोलणाऱ्याकडून मी माल घेत नाही.

आता मूळ गोष्ट.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी कोल्हापूर-मुंबई विमान पुन्हा सुरू झालं. बंद पडायचं, सुरू व्हायचं, तसं ते होतंच. त्याच सुमारास दुबईच्या एका पार्टीनं माझ्या पंपाच्या बॉड्या बघायच्या ठरवल्या. नमुने घेऊन समोर या, म्हणाले. ठरलेल्या दिवशी आला नाहीत तर दुसऱ्याचा माल उचलू. ती ऑर्डर मिळाली तर माझी दुसरी भट्टी उभी राहणार होती.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मला ऑर्डरपेक्षा मोठी वाटत होती. माझे वडील, आबा, जन्मभर दुसऱ्याच्या रानात नांगर धरत आले. फौंड्री चालायला लागल्यावर मी पहिली खरेदी केली ती त्यांच्यासाठी जमिनीच्या एका तुकड्याची. तो तुकडा उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कुंपणाजवळ, मुडशिंगीच्या हद्दीत. विमान उठलं की त्या रानाच्या अंगावरूनच जायचं. आबा मान वर करून म्हणायचे, “मंत्र्याचं इमान गेलं.” विमानात मंत्री असतो, एवढंच त्यांना माहीत.

मी ठरवलं. कोल्हापुरातूनच उडायचं. आबांनी खाली रानात उभं राहायचं आणि वर आपला पोरगा जाताना बघायचा. आबांनी वस्तीतल्या विहारात सगळ्यांना सांगून टाकलं.

मी सरांकडं गेलो. कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-दुबई. सरांनी दुबईच्या विमानाच्या वेळा वाचून दाखवल्या. चारला निघणार, साडेपाचला पोचणार. येताना तिकडून निघून इकडं पोचायला साडेचार तास. माझं डोकं लगेच चाललं.

“सर, जाताना दीड तास आणि येताना साडेचार?”

“घड्याळात तसं दिसतं.”

“मग दोन्हीकडचं भाडं सारखं कसं? जातानाचं कमी करायला सांगा कंपनीला.”

हे मी चेष्टेत म्हणालो नव्हतो. एमआयडीसीत सगळे तसंच समजायचे. आदल्याच आठवड्यात मी त्या पार्टीला फोनवर बोललो होतो, “शेठ, तुम्ही आम्हाला पुण्यापेक्षा जवळ आहात.”

सर गोलावरचा दोरा सोडून खुर्चीत मागं टेकले. “तुमचे वडील नांगर धरतात ना? नांगराच्या एका फेरीला काय म्हणतात?”

“तास.”

“ते तास नांगराचं, तो तास घड्याळाचा. नांगराचं तास बांधापासून बांधापर्यंत. बैल इकडून तिकडं गेला काय, तिकडून इकडं आला काय, तास तेवढंच. तुम्ही जाताना बांध अलीकडं सरकवलात आणि येताना पलीकडं नेलात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे. विमान दोन्ही वेळा तीनच तास उडतं.”

सरांनी वर आणखी मीठ टाकलं. “खरं म्हणजे जाताना थोडा जास्तच वेळ लागतो, वारा समोरून असतो. कंपनीला भाडं वाढवायला सांगू का?”

तिथं आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली. मला राग आला की कान तापतात, तसे ते तापले. त्याच रागात मी टेबलावर हात आपटून बोललो ते शब्द आजही मला आठवतात, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं. मी म्हणालो, “ते बांधाचं मला सांगू नका. कायबी करा, पण मला दुबईत वेळेवर पोचवा.”

सरांनी मान हलवली. त्यांनी ते शब्द मोजून घेतले असणार.

श्रावण होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सर स्कूटरवरून थेट फौंड्रीत आले. याआधी कधी आले नव्हते. भट्टी ओतायची वेळ, सगळीकडं धूर. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

“तुमचं कोल्हापूर-मुंबई तिकीट मी सकाळी रद्द केलंय. चार वाजता मुंबईची गाडी ठरवली आहे. रात्री तिथं मुक्काम, उद्या दुबईचं विमान.”

मला आधी कळलंच नाही. “कुणाला विचारून?”

“तुम्हीच सांगितलंत, काहीही करा. गेल्या अकरा दिवसांत हे विमान चार दिवस मुंबईहून आलंच नाही. मी गच्चीवरून रोज टिपून ठेवतो. ढग खाली आले की ते उतरत नाही. आलं नाही तर जाणार कसं? विमान उद्या न येण्याची शक्यता मला फार वाटते.”

“सर, ते तिकीट परत लावा.”

“ती जागा तासाभरात दुसऱ्याला गेली. विमान लहान आहे.”

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मोल्डर लोक साचे सोडून बघत उभे राहिले. सर शांत उभे होते. बोलणं संपल्यावर म्हणाले, “उडणं वेगळं, पोचणं वेगळं. चारला गाडी येईल.” आणि गेले.

गाडीनं जाण्याशिवाय इलाज नव्हता. बायकोला सांगितलं. आबांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. वाटलं, उद्या विमान येणारच नाही, मग आपोआप त्यांना कळेल की सगळ्यांचंच रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी मुंबईत दुपारी माझ्या फौंड्रीतल्या मिस्त्रीचा फोन आला. “मालक, आभाळ कसं घासून ठेवल्यागत हाय. इमान आलं की टायमाला. आणि गेलं बी.”

“आबा?”

“रानात हुते. सगळी वस्ती हुती. आबांनी फेटा सोडून हलवला.”

मी दुबईला गेलो, ऑर्डर घेतली, भावात दोन वेळा उठून निघालो आणि दोन्ही वेळा ते दारापर्यंत आले. सगळं झालं. पण त्या कोल्हापूरच्या विमानानं गेलो असतो तरी मुंबईत चार तास हातात होते. हे गणित सरांनाही येत होतं. ते आजवर मला खुपतं.

परत आलो तेव्हा आबा विहाराच्या पायरीवर बसून सांगत होते, “त्यानं खिडकीतनं हात केला. मी बघितला की!” मला बघून म्हणाले, “काय रं, दिसलो का मी तुला?”

समोर पंधरा-वीस माणसं. मी म्हणालो, “दिसला की, आबा.”

माझ्या बापाशी मी पैशाचं, बिडीचं, शाळा बुडवल्याचं खोटं बोललो असेन. पण हे तसं नव्हतं. हे त्या तिकीटवाल्या माणसानं माझ्याकडून वदवून घेतलं, असं मला वाटलं. पुढं प्रत्येक पाहुण्यासमोर आबा तेच विचारायचे आणि मी तेच उत्तर द्यायचो.

मग एक दिवस आबा म्हणाले, “त्या गुर्जींना भेटायचं हाय. तुला इमानात बसवलं त्यांनी. शेंगा काढल्यात, पिशवीभर देतो. आणि एक विचारायचं बी हाय.”

सर खोटं बोलत नसत. मोठेपणा म्हणून सांगत नाही, त्यांना ते जमतच नसे. एकदा एका आमदाराच्या माणसानं चिठ्ठीवर वेळ थोडा कमी लिहायला सांगितला, साहेबांना बरं वाटेल म्हणून. सरांनी त्याला जिना दाखवला होता.

मी आदल्या दिवशी त्यांच्याकडं गेलो. फौंड्रीतल्या भांडणानंतर पहिल्यांदाच. सगळं सांगितलं. ऐकताना सरांनी दोऱ्याच्या गाठी बोटांनी चाचपल्या.

“म्हणजे त्यांना वाटतं तुम्ही विमानात होतात.”

“व्हय. आणि उद्या ते विचारणार. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“मी कसं हो म्हणू?”

“तोंडानं म्हणा. सर, यापुढं मी तुमच्याशी भावावरून एक शब्द बोलणार नाही. फौंड्रीची सगळी तिकिटं तुमच्याकडं. बोला, आणखी काय पाहिजे?”

“हा सौदा नव्हे.”

“सौदाच आहे! तुम्ही चूक केलीत, मी भरतोय.”

“माझा अंदाज चुकला. अंदाज चुकतो. पण या टेबलावरून चुकीची गोष्ट जाणूनबुजून कधी गेली नाही.”

“मग उद्या एका म्हाताऱ्या माणसाला सांगा की तो दुसऱ्याच कुणाला फेटा हलवत होता!” मी एवढ्या मोठ्यानं बोललो की खालचा टायरवाला जिन्यात आला. मी निघालो. या वेळी परत वर गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी धुतलेला फेटा बांधला. जिना चढताना दोनदा थांबले. मी मागून शेंगांची पिशवी धरून. मनात ठरवलं होतं, सरांनी खरं सांगितलं तर तिथंच सगळ्यांसमोर मी माझं खोटंही सांगून टाकायचं, पण त्या माणसाला सोडायचं नाही.

सर उभे राहिले. आबांना स्वतःची खुर्ची दिली. आबा गोलाकडं बघत बसले, मग म्हणाले, “गुर्जी, आमच्या रानावरनं इमान जातं, ते किती उंच असतंय?”

“दोनशे मीटरच्या आसपास.” सरांचा आवाज नेहमीसारखा होता. “विजेच्या मोठ्या खांबावर खांब रचले तर सहा-सात खांब.”

“तेवढ्यावरनं खालचा माणूस दिसतो?”

“दिसतो. फेटा असला तर चांगला दिसतो.”

“मग बरोबर.” आबा माझ्याकडं वळून हसले. पुन्हा सरांकडं वळले. “आणि ह्यो कुठल्या अंगाला बसला हुता? मी ज्या खिडकीला हात केला त्यातच का दुसरीत, एवढंच इचारायचं हुतं.”

इथं सरांना गप्प बसता आलं असतं. ‘मुलालाच विचारा’ म्हणता आलं असतं. त्यांनी कपाटातून वही काढली. पानं उलटली. मी त्यांच्या खांद्यामागं होतो, मला पान दिसत होतं. सर आधीच फोन करून गिऱ्हाइकासाठी खिडकी मागून ठेवायचे आणि जागेचा नंबर वहीत लिहायचे. तिथं माझं नाव होतं, नंबर होता, आणि त्या ओळीवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती. सरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

“पाच अ,” ते म्हणाले. “खिडकीची जागा. डावी बाजू.”

“म्हंजे मी ज्या अंगाला हुतो तीच की!”

सरांचं बोट वहीवरून हललं नाही. “हो. बरोबर. अगदी त्याच बाजूला.”

आबांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. सरांनीही जोडले. आबा जिना उतरू लागले तेव्हा मी मागं वळून पाहिलं. सर वही मिटून खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

आभार मी मानले नाहीत. एका माणसाचं तिकीट त्याला न विचारता रद्द करणं ही चूक होती, आणि ती चूक होती हे मी पुढं दर तिकिटाला त्यांना ऐकवलं. ते मान हलवायचे. भावावरून मात्र मी भांडलो नाही, कारण मी तसा शब्द दिला होता, त्यांनी तो घेतला नसला तरी. पुढं तिकिटं कॉम्प्युटरवर निघू लागली. पोरं घरी बसून वेळा बघायची, सरांचा जिना ओस पडला. कोल्हापूरचं विमानही पुन्हा बंद झालं. माझं त्यातून जायचं राहिलं ते राहिलंच.

आबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीत मांडव होता. दुपारी सर आले, बसला लटकत आलेले दिसत होते. आबांच्या फोटोला फूल वाहिलं, थोडा वेळ बसले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “ते त्या दिवशी कुठं उभे होते, मला दाखवता?”

मी त्यांना रानात घेऊन गेलो. उसाच्या बाजूला आंब्याचं एक झाड आहे, त्याच्या अलीकडं. सर तिथं जाऊन उभे राहिले. विमानतळाकडं पाहिलं, मग वर पाहिलं. हाताचं बोट आभाळातून सावकाश फिरवत नेलं. पुन्हा एकदा तसंच केलं.

“श्रावणात वारा पश्चिमेचा असतो,” ते म्हणाले. “म्हणजे विमान पश्चिमेला तोंड करून उठतं. हे रान त्याच्या उत्तरेला. इथून उजवी बाजू दिसते. डावी दिसत नाही.”

त्यांनी हात खाली घेतला.

“मी त्यांना ‘बरोबर’ म्हणालो होतो. ‘त्याच बाजूला’ म्हणालो होतो. ते चुकलं.” विमानात मी होतो की नव्हतो, याविषयी ते अवाक्षर बोलत नव्हते. बाजू चुकली, हे त्यांना लागलं होतं. “जागा निदान इथं येऊन बघायला हवी होती मी. न बघता सांगितलं.”

माझे कान तापले. पण त्या दिवशी ते त्यांच्यावर तापले नव्हते, माझ्यावरच तापले होते.

“सर,” मी म्हणालो, “माझ्या बापानं हात केला आणि मी तो खिडकीतनं बघितला. आता ह्यात काय बी बदलायचं न्हाय.”

सर बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बरं,” ते म्हणाले.